एका कप कॉफीसाठी ठिय्या

बालमित्रांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही एका मोठ्या दुकानात गेला आहात. तिथे वह्या मिळतात, खेळणी मिळतात, टूथपेस्ट, रुमाल, फुलदाण्या, सगळं काही मिळतं. तुम्ही वह्या घेतल्या आणि गल्ल्यावर पैसे दिले. दुकानदाराने ते मोजून घेतले, पावती दिली. त्याच दुकानाच्या एका बाजूला खाण्यापिण्याचं लांबलचक काउंटर आहे. पुढे गोल स्टुलं आहेत. फिरून फिरून पाय दुखले म्हणून तुम्ही एका स्टुलावर बसलात आणि म्हणालात, "एक कप कॉफी द्या."

उत्तर आलं, "तुम्हाला इथे काही मिळणार नाही."

"का हो? पैसे आहेत माझ्याकडे!"

"पैशाचा प्रश्न नाही. तुमची कातडी काळी आहे."

काय वाटेल तुम्हाला?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत १९६० सालापर्यंत कृष्णवर्णीय माणसांना हे उत्तर रोज ऐकावं लागत होतं. त्यांच्यासाठी पाण्याचे नळ वेगळे, बसमधल्या जागा वेगळ्या, शाळा वेगळ्या, दवाखान्यात बसायच्या खोल्याही वेगळ्या. दुकानात त्यांचे पैसे चालत, पण खाण्याच्या काउंटरवर ते बसलेले चालत नसत. आपल्याकडे काही माणसांसाठी चहाची कपबशी वेगळी ठेवली जायची, हे तुमच्या आजी-आजोबांना विचारा, म्हणजे या गोष्टीची कल्पना येईल.

ही पद्धत मोडायला पुढे आली ती कॉलेजात शिकणारी मुलं. कुणी सतरा वर्षांचं, कुणी वीस, कुणी एकवीस. त्यांनी ती कशी मोडली, आणि त्या कामी आपल्या नागपूरचा काय संबंध आला, हे आज आपण बघू या.

चार मित्र आणि टूथपेस्टची पावती

उत्तर कॅरोलिना राज्यात ग्रीन्सबरो नावाचं शहर आहे. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात चार मित्र पहिल्या वर्षाला होते. इझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड. वसतिगृहात रात्र रात्र त्यांच्या गप्पा चालायच्या. हे असं किती दिवस चालायचं? कुणीतरी काहीतरी करायला हवं की नाही? मग ते कुणीतरी आपणच का नाही?

१ फेब्रुवारी १९६० रोजी दुपारी हे चौघं वूलवर्थ नावाच्या दुकानात गेले. टूथपेस्टसारख्या लहानसहान वस्तू घेतल्या आणि पावत्या नीट जपून ठेवल्या. मग खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. नकार मिळाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "दुकानातल्या त्या काउंटरवर आमचे पैसे चालले, मग या काउंटरवर का नाही?" पावत्या होत्याच पुराव्याला! दुकान बंद होईपर्यंत चौघं जागचे हलले नाहीत. कॉफी काही मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर वीसहून अधिक विद्यार्थी आले. तिसऱ्या दिवशी साठाच्या वर. आठवडा संपायच्या आत आकडा तीनशेच्या पुढे गेला. आता त्यात जवळच्या बेनेट कॉलेजातल्या मुली होत्या, आणि काही गोऱ्या विद्यार्थिनीही होत्या. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि वणव्यासारखी पसरली. मार्च महिना संपेपर्यंत १३ राज्यांतल्या ५५ शहरांत विद्यार्थी असे ठिय्या मांडून बसू लागले होते.

पण मुलांनो, त्यातल्या एका शहरात ही तयारी आधीपासूनच चालू होती. आणि तीही अगदी अभ्यासासारखी, दर आठवड्याला वर्ग भरवून! त्या शहराचं नाव नॅशव्हिल. टेनेसी राज्याची ही राजधानी. आणि या वर्गाचे मास्तर तीन वर्षं नागपुरात राहून गेले होते.

नागपूरहून नेलेली शिदोरी

त्या मास्तरांचं नाव जेम्स लॉसन. जन्म १९२८ चा. ते लहान होते तेव्हाची गोष्ट. आईने त्यांना कामाला पाठवलं होतं. वाटेत गाडीत बसलेल्या एका गोऱ्या मुलाने त्यांना रंगावरून घाणेरडी शिवी दिली. छोट्या जिमीने त्याच्या थोबाडीत ठेवून दिली आणि घरी येऊन आईला ते सांगितलं. आई स्वयंपाक करत होती. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, की त्याने काय भलं झालं? आणि म्हणाली, याहून चांगला मार्ग असला पाहिजे. तो मार्ग शोधण्यात लॉसन यांनी पुढचं सगळं आयुष्य घालवलं.

कॉलेजात असताना कोरियाचं युद्ध सुरू झालं. सैन्यात भरती व्हा, असा सरकारी हुकूम आला. मी माणसं मारणार नाही, असं सांगून त्यांनी नकार दिला आणि वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात काढला. सुटल्यावर १९५३ साली ते ख्रिस्ती मिशनच्या कामासाठी भारतात आले. कुठे? तर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात! तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. लॉसन तिथे मुलांना खेळ शिकवत. सकाळ-संध्याकाळ मैदानावर शिट्टी वाजवायची आणि उरलेल्या वेळात गांधीजींचं लिखाण वाचायचं. गांधीजी जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती. त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं हयात होती. लॉसन त्यांना भेटले, त्यांच्याशी बोलले. सत्याग्रह म्हणजे नुसतं गप्प राहणं नाही, त्याला आखणी लागते, शिस्त लागते, हे त्यांनी इथे समजून घेतलं.

डिसेंबर १९५५ मध्ये नागपूरच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात त्यांनी एक बातमी वाचली. अमेरिकेत माँटगोमेरी नावाच्या शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला होता आणि मार्टिन ल्यूथर किंग नावाचा तरुण पाद्री त्यांचा पुढारी होता. आपण ज्या गोष्टीचा इथे अभ्यास करतो आहोत, ती तिकडे आपल्या देशात कुणीतरी सुरूसुद्धा केली! लॉसन यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

१९५६ साली ते परत गेले. फेब्रुवारी १९५७ मध्ये ओबर्लिन कॉलेजात त्यांची आणि किंग यांची भेट झाली. दोघंही २८ वर्षांचे! शिक्षण पूर्ण करून मी दक्षिणेत काम करायला येईन, असं लॉसन म्हणाले. किंग यांनी त्यांना सांगितलं, नंतर नको, आत्ताच या, तुमच्यासारखा माणूस आमच्याकडे नाही. मग लॉसन नॅशव्हिलला आले आणि तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले.

मार खायची तालीम

नॅशव्हिल हे कॉलेजांचं गाव. कृष्णवर्णीय मुलांसाठी तिथे फिस्क विद्यापीठ होतं, टेनेसी सरकारी विद्यापीठ होतं, मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय होतं आणि पाद्री होण्याचं शिक्षण देणारं अमेरिकन बॅप्टिस्ट कॉलेज होतं. १९५९ सालच्या पावसाळ्यानंतर या कॉलेजांतली मुलं दर मंगळवारी संध्याकाळी एका चर्चमध्ये जमू लागली. तिथे लॉसन यांचा वर्ग भरायचा.

कोण कोण होतं या वर्गात? एक होता जॉन लुईस. अलाबामातल्या शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी घरच्या कोंबड्या सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. त्याला पाद्री व्हायचं होतं, म्हणून तो कोंबड्यांनाच ओळीने उभं करून प्रवचन द्यायचा! कॉलेजची फी भागवण्यासाठी तो तिथल्या स्वयंपाकघरात भांडी घासायचा. दुसरी होती डायन नॅश. ती शिकागोसारख्या मोठ्या शहरातून फिस्कमध्ये आली होती. इथल्या जत्रेत गेल्यावर तिने बायकांच्या स्वच्छतागृहांवर गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी अशा वेगळ्या पाट्या पहिल्यांदा पाहिल्या. तिला इतकी चीड आली की हे बदलण्यासाठी कुणी काही करतंय का, याचा ती शोध घेऊ लागली आणि त्या वर्गात येऊन पोहोचली.

या वर्गात शिकवायचे तरी काय? आधी वाचन आणि चर्चा. गांधीजी, येशू ख्रिस्त, इतर धर्मांतली शिकवण. आणि मग नाटक! हो, चक्क नाटक. खुर्च्या ओळीने मांडून दुकानाचं काउंटर तयार करायचं. काही मुलांनी गिऱ्हाईक व्हायचं. काहींनी गुंड व्हायचं. गुंडांनी खऱ्यासारख्या शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायचा, डोक्यावर पेय ओतायचं, खुर्चीवरून खाली ढकलायचं. आणि गिऱ्हाइकांनी? त्यांनी हातही उचलायचा नाही, आवाजही चढवायचा नाही. खाली पडलं तर अंगाची जुडी करून डोकं कसं वाचवायचं, शेजाऱ्याला फार मार बसत असेल तर आपण मध्ये पडून तो मार कसा वाटून घ्यायचा, हेही शिकायचं. राग अनावर झाला तर? तर थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून तालीम.

हा धडा मी वर्गात सांगितला तेव्हा एका मुलाने लगेच हात वर केला. "बाई, पण त्यांनी उलट का नाही मारलं? ते तर खूप जण होते!" अगदी योग्य प्रश्न. याचं उत्तर असं. उलट मारलं असतं तर दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून आलं असतं? 'दुकानात दंगल, दोन्ही गटांत मारामारी.' कॉफीचा प्रश्न राहिला असता बाजूला! एक जण पुस्तक वाचत शांत बसला आहे आणि दुसरा त्याला मारतो आहे, असं दिसलं की चूक कुणाची, हे समजावून सांगावं लागत नाही. शिवाय समोरचा माणूस आपला कायमचा शत्रू नाही, उद्या त्याच्याच शेजारी बसून कॉफी प्यायची आहे, हे लॉसन मुलांना सारखं सांगायचे.

तालमीनंतर नोव्हेंबर आणि डिसेंबर १९५९ मध्ये मुलांनी दोन मोठ्या दुकानांत जाऊन चाचणी घेतली. वस्तू विकत घेतल्या, काउंटरवर बसले, नकार मिळाल्यावर कारण विचारलं आणि उठून आले. एवढंच. आधी नीट विचारायचं, हाही त्यांच्या अभ्यासाचा भाग होता.

बर्फातली रांग

ग्रीन्सबरोची बातमी आली आणि नॅशव्हिलची मुलं उसळली. वडीलधाऱ्यांनी सांगितलं, थोडं थांबा, पकडले गेलात तर जामिनाला पैसे कुठून आणायचे? खरंच, त्यांच्या संघटनेकडे तेव्हा शंभर डॉलरसुद्धा नव्हते. मुलं म्हणाली, थांबायचं नाही.

१३ फेब्रुवारी १९६०, शनिवार. शहरात बर्फ पडलं होतं. १२४ विद्यार्थी दोघादोघांच्या रांगेने शहराच्या मुख्य बाजारपेठेत गेले. मुलांनी कोट-टाय घातले होते. मुली चर्चला जाताना घालतात तसे चांगले कपडे घालून आल्या होत्या. सगळ्यांच्या हातात वह्या-पुस्तकं. तीन दुकानांत ते काउंटरवर बसले आणि चक्क गृहपाठ करू लागले! एका दुकानात तर वाढणाऱ्या बाया इतक्या गोंधळल्या की त्यांच्या हातून बशा पडून फुटू लागल्या. दोनेक तासांनी मुलं शांतपणे उठून परत गेली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, या वेळी दोनशेहून अधिक. मग साडेतीनशेच्या आसपास.

शहरात कुजबुज सुरू झाली की आता गुंड येणार आणि पोलीस मुलांनाच पकडणार. तेव्हा जॉन लुईस आणि त्याचा मित्र बर्नार्ड लाफायेट यांनी नियमांचं एक पत्रक तयार केलं. त्याच्या शेकडो प्रती काढून वाटल्या. कुणी मारलं तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. दुकानाची वाट अडवू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. सर्वांशी नम्रतेने बोला. असे ते नियम होते. आमच्या शाळेच्या सहलीच्या सूचनाही साधारण अशाच असतात! पण या सूचना ज्यांनी पाळायच्या होत्या त्यांना मार खायचा होता.

२७ फेब्रुवारीला तसंच झालं. गुंडांनी मुलांना स्टुलांवरून खेचलं, लाथा मारल्या, जळत्या सिगरेटी अंगावर विझवल्या. फिस्कमध्ये शिकणारा एक गोरा विद्यार्थीही मुलांबरोबर बसला होता. त्यालाही जमिनीवर पाडून मारलं. मग पोलीस आले आणि त्यांनी पकडलं कुणाला? मार खाणाऱ्यांना! पण पोलिसांनी एक ओळ उठवून नेली की दुसरी ओळ येऊन त्याच स्टुलांवर बसे. ती नेली की तिसरी. त्या दिवशी एकूण ८१ विद्यार्थ्यांना अटक झाली. कुणीही हात उचलला नाही.

त्याच दिवशी रस्त्यात एक गुंड लॉसन यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन यांनी त्याच्याकडे शांतपणे रुमाल मागितला. तो इतका चकित झाला की त्याने खिशातून रुमाल काढून दिलासुद्धा! लॉसन यांनी तोंड पुसलं, रुमाल परत केला आणि त्याच्या अंगातलं चामडी जाकीट पाहून विचारलं, तुमच्याकडे मोटारसायकल आहे का? मग दोघं मोटारसायकलींविषयी बोलू लागले. तेवढ्यात ज्याला मार बसत होता तो विद्यार्थी उठून निसटला.

दंड नको, तुरुंग चालेल

खटला उभा राहिला तेव्हा कोर्टाबाहेर दोन हजारांहून अधिक माणसं जमली होती. झेड. अलेक्झांडर लूबी हे ज्येष्ठ कृष्णवर्णीय वकील मुलांची बाजू मांडत होते. ते बोलत असताना न्यायाधीशांनी त्यांच्याकडे चक्क पाठ फिरवली! निकाल ठरलेलाच होता. प्रत्येकाला पन्नास डॉलर दंड.

दंड भरून घरी जाता आलं असतं. पण डायन नॅश आणि तिच्या सोबत्यांनी सांगितलं की आम्ही दंड भरणार नाही. दंड भरणं म्हणजे ज्या अन्यायामुळे आम्हाला पकडलं, त्यालाच हातभार लावणं. आम्ही तुरुंगात जाऊ.

हे किती अवघड होतं याचा विचार करा. यातल्या कित्येक मुलांच्या घरात कॉलेजात जाणारी ती पहिलीच होती. आई-बापांनी शेतात, कारखान्यात, दुसऱ्यांच्या घरी राबून त्यांना शिकायला पाठवलं होतं. आता नावापुढे तुरुंगाचा शिक्का बसणार. नोकरी कोण देणार? कॉलेजने काढून टाकलं तर? जॉन लुईसला वीस वर्षं पूर्ण होऊन सहाच दिवस झाले होते. मुलगा तुरुंगात गेला हे कळल्यावर त्याच्या आईला शरम वाटली आणि भीतीही. तू शिकायला गेला आहेस, या भानगडीतून बाहेर पड, असं तिने त्याला कळवलं. तिचं काय चुकलं? गावात राहायचं होतं तिला. आणि जॉनला मात्र, पुढे त्याने अनेकदा सांगितलं, त्या दिवशी पहिल्यांदाच मोकळं वाटलं होतं.

विद्यापीठं कुणाच्या बाजूने?

मुलांना पकडल्यावर त्यांच्या विद्यापीठांनी काय केलं? इथे दोन वेगळी उत्तरं मिळाली.

फिस्कचे अध्यक्ष स्टीफन राइट यांनी जाहीरपणे विद्यार्थ्यांना पाठिंबा दिला. त्या काळी कृष्णवर्णीयांच्या कॉलेजच्या प्रमुखाने असं बोलणं सोपं नव्हतं. व्हँडरबिल्टने मात्र मार्च १९६० मध्ये जेम्स लॉसन यांना काढून टाकलं. त्यांची पदवी काही महिन्यांवर आली होती! या अन्यायाविरुद्ध त्यांच्या विभागातल्या अनेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. मोठं वादळ उठलं. लॉसन यांनी शेवटी बोस्टन विद्यापीठातून पदवी घेतली.

पुढच्या वर्षी, १९६१ साली, टेनेसी सरकारी विद्यापीठाने १४ विद्यार्थ्यांना काढलं. त्यांचा गुन्हा काय? तर लांब पल्ल्याच्या बसमध्ये काळ्या-गोऱ्यांनी शेजारी बसून दक्षिणेतून प्रवास करायचा, अशी जी मोहीम निघाली होती, तिच्यात त्यांनी भाग घेतला.

महापौरांना एक सरळ प्रश्न

इकडे नॅशव्हिलमध्ये मुलांच्या आया-मावश्यांनीही कंबर कसली होती. ईस्टरचा सण जवळ आला होता. आपण दिवाळीला घेतो तसे तिकडे ईस्टरला नवे कपडे घेतात. पण त्या वर्षी कृष्णवर्णीय कुटुंबांनी बाजारपेठेतल्या दुकानांत पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. जिथे आपल्या पोरांना बसू देत नाहीत तिथे आपला पैसाही नको! दुकानं ओस पडली आणि मालकांच्या पोटात गोळा आला.

१९ एप्रिलला पहाटे साडेपाचच्या सुमाराला लूबी वकिलांच्या घरावर डायनामाइट फेकण्यात आलं. घराचा पुढचा भाग उडाला. समोरच्या मेहॅरी महाविद्यालयाच्या शंभराहून अधिक खिडक्यांच्या काचा फुटल्या. नशिबाने लूबी पती-पत्नी वाचले.

त्याच दुपारी मोर्चा निघाला. हजारो माणसं, तीन-तीनच्या रांगेत, मैलोन्‌मैल चालली. घोषणा नाही, गाणं नाही. रस्त्यावर फक्त पावलांचा आवाज ऐकू येत होता. नगरभवनाच्या पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट उभे होते. थोडी वादावादी झाली. मग २१ वर्षांच्या डायन नॅशने त्यांना एक सरळ प्रश्न विचारला. केवळ रंगावरून माणसामाणसांत भेद करणं चूक आहे, असं तुम्हाला स्वतःला वाटतं का?

महापौर क्षणभर थांबले. आजूबाजूला हजारो लोक, वर्तमानपत्रांचे वार्ताहर. आणि त्यांनी उत्तर दिलं, हो, चूक आहे. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी सांगितलं की तो प्रश्न त्यांना महापौर म्हणून नव्हे, माणूस म्हणून विचारला गेला होता, आणि माणूस म्हणून दुसरं उत्तर देणं शक्य नव्हतं.

दुकानदारांना जणू वाटच मोकळी झाली. विद्यार्थी आणि दुकानदार यांच्यात बोलणी झाली. १० मे १९६० रोजी दुपारी दोघंदोघं, तिघंतिघं कृष्णवर्णीय गिऱ्हाइकं शहरातल्या सहा दुकानांच्या काउंटरवर जाऊन बसली. त्यांनी खायला मागितलं आणि त्यांना खायला मिळालं. ना आरडाओरडा, ना दंगा. दक्षिणेतल्या मोठ्या शहरांत हे करणाऱ्या पहिल्या काही शहरांत नॅशव्हिल होतं. ग्रीन्सबरोच्या वूलवर्थने २५ जुलैला हार मानली. तिथे काउंटरवर पहिल्यांदा कोण जेवलं, माहीत आहे? त्याच दुकानात काम करणारे कृष्णवर्णीय नोकर! रोज इतरांना वाढणाऱ्यांना त्या दिवशी तिथे पहिल्यांदा वाढलं गेलं.

पुढे काय झालं?

सगळं एका दिवसात बदललं असं समजू नका. नॅशव्हिलमधल्याच कितीतरी हॉटेलांनी आणि सिनेमाघरांनी पुढे तीन-चार वर्षं दारं बंदच ठेवली. मुलांना पुन्हा पुन्हा बसावं लागलं, पुन्हा पुन्हा तुरुंगात जावं लागलं. शेवटी २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि साऱ्या देशात असा भेदभाव बेकायदा ठरला.

जॉन लुईस १९६३ साली वॉशिंग्टनच्या प्रचंड सभेत बोलले. वक्त्यांमध्ये ते सगळ्यांत लहान होते, वय २३. १९६५ साली मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात पोलिसांनी त्यांचं डोकं फोडलं. १९८६ साली ते अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले आणि २०२० साली मृत्यू येईपर्यंत तिथे राहिले. भांडी घासून शिकलेला, कोंबड्यांना प्रवचन देणारा तोच मुलगा! डायन नॅश यांना २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी देशातला सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

आणि विद्यापीठं? टेनेसी विद्यापीठाने काढून टाकलेल्या त्या १४ विद्यार्थ्यांना २००८ साली मानद डॉक्टरेट दिली. व्हँडरबिल्टने २००६ साली जेम्स लॉसन यांची माफी मागितली आणि त्यांना शिकवायला परत बोलावलं. ज्या दारातून बाहेर काढलं, त्याच दारातून ते प्राध्यापक म्हणून आत गेले. आज तिथे अहिंसक चळवळींचा अभ्यास करणारी संस्था त्यांच्या नावाने चालते. नॅशव्हिलमधल्या एका शाळेलाही त्यांचं नाव आहे. ९ जून २०२४ रोजी, ९५ व्या वर्षी, लॉसन गेले.

ग्रीन्सबरोच्या त्या वूलवर्थमध्ये १ फेब्रुवारी २०१० पासून संग्रहालय आहे. चौघं मित्र बसले होते त्या दिवसाला तेव्हा बरोबर पन्नास वर्षं झाली होती.

तुमच्याशी आणि तुमच्या आई-बाबांशी

मुलांनो, ही गोष्ट वाचून उद्या कुणी गृहपाठाविरुद्ध ठिय्या मांडून बसेल, अशी मला थोडी धास्ती वाटते! तेव्हा नीट लक्ष द्या. आपल्याला एखादा नियम आवडत नाही आणि एखादा नियम कुणावर अन्याय करतो, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गृहपाठ सगळ्यांना सारखा असतो. काउंटरचा नियम मात्र काही माणसांना माणूसच मानत नव्हता.

आणि नॅशव्हिलच्या मुलांनी काय काय केलं, ते पुन्हा मोजून पाहा. आधी विचारलं. मग कित्येक महिने शिकले. बसले तेव्हा कुणाला ओरखडाही काढला नाही. शिक्षा झाली ती स्वतः भोगली, दुसऱ्यावर ढकलली नाही. आणि महापौर 'हो' म्हणाल्यावर त्यांची खिल्ली उडवली नाही, त्यांच्याशी बोलणी केली.

पालकांनो, तुमच्यासाठी एक प्रश्न ठेवते. जॉन लुईसच्या आईच्या जागी तुम्ही असतात तर तुमच्या मुलाला काय कळवलं असतं? आज रात्री जेवताना यावर घरात बोला. मुलांना त्यांचं मत आधी मांडू द्या. आणि मग नकाशा काढून त्यांच्याबरोबर दोन ठिकाणं शोधा. एक नॅशव्हिल, आणि दुसरं नागपूर.